थंडीच्या गावचे यजमान

१९५०च्या फेब्रुवारीत जपानच्या उत्तरेकडच्या सप्पोरो शहरात शाळकरी मुलांनी बर्फाचे सहा पुतळे उभे केले. युद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती. शहराच्या मधोमध पसरलेली ओदोरी बाग तेव्हा रस्त्यांवरून उपसलेला बर्फ आणून टाकायची जागा होऊन बसली होती. मुलांनी तोच बर्फ कामाला घेतला. पुतळे पाहायला पन्नास हजारांवर माणसं लोटली. तीन वर्षांनी, १९५३ साली, एका हायस्कूलच्या मुलांनी तर पंधरा मीटर उंचीचा पुतळा उभारून दाखवला. आज फेब्रुवारीच्या सुरुवातीला आठवडाभर चालणाऱ्या सप्पोरोच्या हिमोत्सवाला वीस लाखांच्या आसपास लोक येतात. जगातल्या सर्वांत गाजलेल्या हिवाळी उत्सवांपैकी हा एक, आणि त्याचा पाया मुलांच्या हातांनी घातला गेला.

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या मुलांना या गोष्टीचं नवल वाटणार नाही. हाताला लागेल ते साहित्य घ्यायचं, चार मित्र जमवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबून बघायला लावायचं, हा उद्योग त्यांच्या चांगल्याच ओळखीचा असतो.

मुलाबाळांना घेऊन परदेशी हिवाळी उत्सवाला जायचं ठरलं, तर जागा निवडताना हीच गोष्ट आधी पाहावी: तिथे मुलांना करायला काय मिळतं? रोषणाई कितीही डोळे दिपवणारी असली तरी अर्ध्या तासात बघून होते. मग पाय गारठतात, नाक वाहायला लागतं, मूल कुरकुरतं आणि एवढा खर्च करून आलेले आईबाप त्याच्यावर डाफरतात. याउलट, काही गावांनी आपल्या लांबलचक हिवाळ्यात जीव रमावा म्हणून उत्सव सुरू केले आणि मग बाहेरच्यांनाही त्यात सामील करून घेतलं. तिथे पाहुण्या मुलालाही काहीतरी काम मिळतं. निदान एखादी घसरगुंडी, एखादी शेगडी, हातात धरायला एखादा दिवा तरी मिळतोच.

सप्पोरो ही अशा प्रवासाची सोपी सुरुवात आहे. जवळजवळ वीस लाख वस्तीच्या या शहरावर एका हिवाळ्यात सुमारे पाच मीटर बर्फ पडतो, तरीही आगगाड्या, भुयारी रेल्वे, शाळा, दुकानं सगळं सुरळीत चालू असतं. फेब्रुवारीत तापमान शून्याखाली तीन-चार अंशांच्या आसपास, रात्री आणखी खाली. म्हणजे मुंबई-पुण्याच्या मुलाला थंडी कडक वाटेल, पण सोसणार नाही अशी नाही. १९५५पासून जपानच्या स्वसंरक्षण दलाचे जवान मोठे पुतळे करायला येऊ लागले आणि उत्सवाचा आवाका बदलला. १९७२ साली इथे हिवाळी ऑलिंपिक झालं, तेव्हा जगभर त्याचं नाव झालं. १९७४पासून देशोदेशीचे संघ बर्फ कोरायच्या स्पर्धेला येतात.

पुतळा होतो कसा, हे मुलांना आधीच सांगून ठेवलं तर बघण्यातली गंमत दुप्पट होते. शहराबाहेरचा स्वच्छ बर्फ ट्रकांनी आणायचा, फळ्यांच्या साच्यात भरायचा, तुडवून तुडवून दगडासारखा घट्ट करायचा. मग फळ्या काढून वरून खाली कोरत यायचं. बारीक नक्षी जोडायची तर पाण्यात कालवलेला बर्फ लुकणासारखा वापरायचा. हे सगळं आठवडाभरासाठी. उत्सव संपला की दुसऱ्याच दिवशी यंत्रं लावून पुतळे पाडून टाकतात, कारण वितळता पुतळा कुणाच्या अंगावर कोसळू नये. ते पाडकाम बघायलाही लोक जमतात. लहान मुलांच्या घरच्यांनी मात्र ओदोरी बागेत एक संध्याकाळ घालवावी आणि एक अख्खा दिवस त्सुदोम या दुसऱ्या ठिकाणासाठी राखून ठेवावा. तिथे बर्फाच्या घसरगुंड्या आहेत, बर्फावरून ओढत नेणारे रबरी तराफे आहेत आणि थंडी असह्य झाली की आत शिरायला भलंमोठं बंदिस्त सभागृह आहे.

पण या लेखातल्या सगळ्या गावांतून एकच निवडायचं झालं, तर सप्पोरो नाही, योकोते निवडावं.

योकोते हे अकिता प्रांतातलं छोटं शहर. बर्फ इथे एवढा पडतो की घराच्या दारातून रस्त्यापर्यंत वाट खोदावी लागते. फेब्रुवारीच्या मध्याला दोन संध्याकाळी या शहरात ठिकठिकाणी, शाळांजवळ, रस्त्यांच्या कडेला, किल्ल्याच्या पायथ्याशी, बर्फाच्या घुमट्या उभ्या राहतात. त्यांना कामाकुरा म्हणतात. एकेक घुमटी साधारण तीन मीटर उंच. बर्फाचा ढीग रचून तुडवतात, काही दिवस तसाच बसू देतात आणि तो पक्का झाला की समोरून दार पाडून आतला बर्फ उपसून काढतात. हे काम करणारे जाणते कारागीर गावात आहेत. भिंत किती जाड ठेवायची, दार कुठल्या बाजूला करायचं, हे त्यांना नजरेनं कळतं.

आत शिरायचं तर मोठ्या माणसाला कमरेत वाकावं लागतं. बूट बाहेर काढायचे. आत चटया अंथरलेल्या, मध्ये कोळशाची शेगडी, तिच्यावर जाळीत मोची, म्हणजे तांदळाच्या चिकट वड्या, भाजत ठेवलेल्या. मागच्या भिंतीत बर्फातच कोरलेला कोनाडा, त्यात जलदेवता मांडलेली, पुढे फळं आणि नैवेद्य. आणि यजमान म्हणून बसलेली असतात ती मुलं, जाड कापूस भरलेले अंगरखे घातलेली. रस्त्यावरून जाणाऱ्याला तीच मुलं तिथल्या बोलीत आत बोलावतात, देवाला नमस्कार करायला सांगतात, मग वाटीत गरम आमाझाके ओतून देतात. आमाझाके म्हणजे तांदूळ आंबवून केलेलं गोड, दाट पेय. लहान मुलं ते सर्रास पितात. पाहुण्याने देवापुढे चार नाणी ठेवायची आणि शेगडीजवळ टेकायचं. बाहेर बर्फ पडत असला तरी आत ऊब असते. वारा आत येत नाही आणि बर्फाच्या जाड भिंती शेगडीची धग धरून ठेवतात.

ही प्रथा साडेचारशे वर्षं जुनी असल्याचं गावकरी सांगतात. तिच्यात दोन-तीन वेगळ्या चाली मिसळल्या आहेत. सामुराई वस्तीत जुन्या वर्षाचा पेंढा बर्फाच्या भिंतीआड जाळत आणि मुलांच्या आरोग्यासाठी प्रार्थना करत. व्यापाऱ्यांच्या वस्तीत विहिरीजवळ जलदेवतेची पूजा होई. आणि मुलं तर बर्फात बिळं करून खेळतच. काळाच्या ओघात हे सगळं एका घुमटीत आलं. १९३६ साली जर्मन वास्तुरचनाकार ब्रूनो टाउट इथे आला, हे दृश्य पाहून भारावला आणि त्याने त्याबद्दल लिहिलं. त्यानंतर योकोतेचं नाव बाहेर पसरलं.

मराठी कुटुंबाच्या दृष्टीने या गावात दोन गोष्टी विशेष आहेत. एक, यजमान मूल आणि पाहुणं मूल एकाच वयाचं असतं. भाषा येत नसली तरी भाजलेली मोची हातावर ठेवताना अडत नाही. दुसरी, शाकाहारी माणसाला इथे उपाशी राहावं लागत नाही. जपानमध्ये साध्या भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो, त्यामुळे शाकाहाऱ्यांची ओढाताण होते. पण घुमटीत मिळतो तो तांदूळ, भाजलेला नाही तर आंबवलेला. शिवाय नदीकाठच्या वाळवंटात शेकडो नव्हे, हजारो इवल्या घुमट्या करतात, वीतभर-दोन वीत उंचीच्या, प्रत्येकीत एक मेणबत्ती. अंधार पडल्यावर त्या पेटलेल्या पाहायच्या, हा तिथला दुसरा कार्यक्रम.

अकिता प्रांतातच ओगा द्वीपकल्पावर नामाहागे असतात. ३१ डिसेंबरच्या रात्री गवताचे झगे आणि राक्षसी मुखवटे घातलेली गावातली पुरुषमंडळी घरोघरी शिरतात आणि रडणारं, आळशी मूल कुणी आहे का, असं गर्जत विचारतात. २०१८ साली युनेस्कोने जपानच्या अशा मुखवटाधारी पाहुण्यांच्या परंपरांना मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. बाहेरच्यांसाठी फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारच्या सुमाराला शिन्झान देवळात वेगळा उत्सव होतो. होळीच्या उजेडात डोंगरावरून मशाली घेतलेले नामाहागे उतरतात. त्यांच्या झग्यातून गळून पडलेली गवताची काडी शुभ मानतात, मात्र ती ओढून काढायची नाही, पडली तरच उचलायची. पाच वर्षांखालचं मूल असेल तर इथे नेऊ नये. तिथली मुलंसुद्धा घाबरून आईला बिलगतात, आणि ती भीती खोटी नसते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मात्र ही रात्र जन्मभर पुरेल.

सप्पोरोचा उत्सव साधारण ११ फेब्रुवारीला संपतो, त्यानंतर ओगा आणि मग योकोते. आगगाडीने हे तिन्ही दहा दिवसांच्या एका प्रवासात बसतात. तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, म्हणून तिकिटं काढण्याआधी त्या पाहून घ्याव्यात. योकोतेला जायचं तर शिंकान्सेनने ओमागारीला उतरून साध्या गाडीने वीसेक मिनिटं.

चीनमधलं हार्बिन याच्या अगदी उलट टोकाला आहे. तिथे सगळंच अवाढव्य. जानेवारीत रात्रीचं तापमान उणे पंचवीसपर्यंत सहज उतरतं. सोंगहुआ नदी गोठून रस्त्यासारखी कडक होते. या भागातले कोळी पूर्वी बादलीत पाणी गोठवून, मधलं न गोठलेलं पाणी ओतून देऊन त्या पोकळीत दिवा ठेवत आणि रात्री मासेमारीला जात. त्या बर्फाच्या कंदिलांचा पहिला सार्वजनिक मेळा १९६३ साली झाओलिन उद्यानात भरला, सांस्कृतिक क्रांतीत बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला. १९८५पासून ५ जानेवारीला उद्घाटन होऊन तो दरवर्षीचा उत्सव झाला. १९९९ साली नव्या सहस्रकाच्या स्वागतासाठी नदीकाठी बर्फाचं अख्खं नगर उभारलं, ते आता दर हिवाळ्यात उभं राहतं. डिसेंबरच्या सुरुवातीला मजुरांच्या टोळ्या नदीवर उतरतात, करवतीने बर्फाच्या लाद्या कापतात, लोखंडी पहारींनी सोडवतात आणि गाड्यांवर लादतात. याच लाद्यांचे बुरूज, मनोरे, जिने होतात आणि आतून रंगीत दिवे लावले की भिंतींतून उजेड पाझरतो.

इथे मुलांचं खरं आकर्षण घसरगुंड्या. काही तर पाचशे मीटरहून लांब आहेत, आणि गर्दीच्या दिवशी त्यांच्यासाठी तास तास रांगेत उभं राहावं लागतं. उणे वीसमध्ये रांग म्हणजे खेळ नव्हे. म्हणून दुपारी उजेड असताना आत शिरून आधी घसरगुंड्या उरकाव्यात आणि दिवे लागल्यावर शांतपणे नगर बघावं. हार्बिनवर रशियाची छाया आहे. १८९८ साली रशियनांनी रेल्वे बांधायला घेतली तेव्हा हे शहर वाढलं. १९०७मध्ये स्थापन झालेलं सेंट सोफिया चर्च आणि दगडी फरसबंदीची मध्यवर्ती पेठ आजही आहे. त्या पेठेत भर थंडीत लोक उभ्याउभ्या आइस्क्रीम खातात. साखरेच्या पाकात घोळवलेली लालभडक आंबट फळं काडीला टोचून विकतात, तीही मुलांना आवडतात. हार्बिनचं नगर डिसेंबरच्या उत्तरार्धात खुलं झालेलं असतं. नाताळच्या सुट्टीत बसणारं बर्फाचं ठिकाण शोधणाऱ्यांना म्हणूनच ते सोयीचं. पण मूल सहा-सात वर्षांपेक्षा लहान असेल तर एवढ्या थंडीत नेऊ नये, असं स्पष्ट सांगायला हवं.

कॅनडातल्या क्वेबेक शहराचा कार्निव्हल वेगळ्याच मातीचा. पहिला मोठा कार्निव्हल १८९४ साली झाला, मग खंड पडला, आणि १९५५पासून तो दरवर्षी, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत भरू लागला. उत्सवाचा राजा आहे बोनोम, म्हणजे लाल टोपी आणि कमरेला विणीचा रंगीत पट्टा बांधलेला गुबगुबीत हिममानव. कार्निव्हल सुरू होताना महापौर शहराच्या किल्ल्या त्याच्या हवाली करतात. मुलं त्याच्यामागे धावत असतात.

या कार्निव्हलमधला खरा थरार सेंट लॉरेन्स नदीवर असतो. पूल नव्हते तेव्हा हिवाळ्यात पलीकडच्या लेव्ही गावाला जायचं, टपाल पोचवायचं, आजाऱ्याला डॉक्टरकडे न्यायचं, तर एकच मार्ग होता: लाकडी होडी. नदी पूर्ण गोठत नाही. समुद्राची भरती-ओहोटी इथवर पोचते, त्यामुळे बर्फाचे प्रचंड तुकडे पाण्यावर वर-खाली सरकत राहतात. मधे पाणी आलं की वल्ही मारायची. बर्फ आला की एक पाय होडीत, दुसरा बर्फावर ठेवून होडी ढकलत पळायचं. बर्फाचा ढिगारा आडवा आला की सगळ्यांनी उतरून ती ओढून पलीकडे न्यायची. ज्यांची उपजीविका यावर होती त्यांचीच पुढे शर्यत झाली. आज पाच-पाच जणांचे संघ ही शर्यत खेळतात. पुरुषांचे तसेच स्त्रियांचेही. २०१४ साली क्वेबेकने या बर्फातल्या नौकानयनाला आपला अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. जुन्या बंदराच्या काठावर उभं राहून एका संघाला पाच मिनिटं नीट पाहिलं तरी कळतं. होडी बर्फाच्या कडेवर चढते, पुढचा माणूस मांडीपर्यंत पाण्यात जातो, मागचा त्याच्या कोटाला धरून त्याला वर खेचतो, आणि हे सगळं न थांबता.

मुलांना चढायला शॅटो फ्राँतनाक हॉटेलच्या शेजारची लाकडी घसरगुंडी आहे, १८८४पासूनची. तिच्यावरून लाकडी घसरगाडी ताशी सत्तर किलोमीटरच्या वेगाने खाली येते. आणि खायला आहे मेपलचा पाक: उकळता पाक स्वच्छ बर्फावर धारेने ओततात, तो क्षणात चिवट होतो, मग काडीवर गुंडाळून मुलाच्या हातात देतात. शाकाहाराची अडचण इथे येत नाही. तापमान उणे दहा-पंधरा. टोरांटो-मिसिसागात मावशी किंवा काका असलेल्या मराठी घरांची संख्या आता थोडीथोडकी नाही. त्यांच्याकडे उन्हाळ्यात नायगारा पाहायला जाणारी मंडळी एखाद्या वेळी फेब्रुवारीत गेली, तर तिथून आगगाडीने क्वेबेक गाठता येतं.

ज्यांना गर्दी नकोशी वाटते त्यांच्यासाठी स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवरचं लरविक. जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी इथे अप हेली आ होतो. हजाराच्या आसपास मशाली घेतलेले लोक गावातून मिरवणूक काढतात आणि महिनोन्महिने खपून बांधलेलं, ड्रॅगनमुखी व्हायकिंग जहाज पेटवून देतात. संध्याकाळी साडेसातला गावातले पथदिवे विझवले जातात आणि मशाली पेटतात. हवामान बिघडलं म्हणून हा उत्सव पुढे ढकलत नाहीत, यावर गावाचा कटाक्ष आहे. मुलांची स्वतंत्र मिरवणूक त्याच दिवशी आधी निघते, त्यांचं स्वतःचं छोटं जहाज असतं. दिवसभर मुख्य पथक शाळा, रुग्णालयं, वृद्धाश्रम फिरून येतं. अ‍ॅबरडीनहून रात्रभराच्या बोटीने पोचावं लागतं, आणि ही बोट खवळलेल्या समुद्रात बऱ्यापैकी हलते. उलटीचा त्रास असणाऱ्यांनी विमान धरावं.

स्वीडनच्या उत्तरेला, ध्रुववृत्ताच्या पलीकडे, योकमोक इथे फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारपासून सामी लोकांचा बाजार भरतो. सन १६०५मध्ये राजाने करवसुली आणि चर्चचं काम सोयीचं व्हावं म्हणून तो सुरू करवला. चारशे वर्षांनंतर कर गेला, बाजार राहिला. रेनडिअरच्या शर्यती, हाडाच्या आणि भूर्जाच्या सालीच्या वस्तू, आणि सहा-सात तासांचा दिवस. थंडी उणे तीसपर्यंत जाऊ शकते. हे ठिकाण मोठ्या मुलांसाठी, आणि तेही वस्तू कशा बनतात यात ज्यांना खरी गोडी आहे त्यांच्यासाठी.

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचं नाव मराठी वाचकाला युद्धगुन्हेगारांच्या खटल्यांमुळे ठाऊक असतं. नाताळच्या बाजारामुळेही ते ठाऊक असायला हवं. १६२८ सालची लेखी नोंद असलेला हा बाजार. जानेवारी १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जुनं शहर बेचिराख झालं, आणि १९४८मध्ये ढिगाऱ्यांच्या शेजारी बाजार पुन्हा भरला. पहिल्या अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चौथ्या रविवारच्या, आदल्या शुक्रवारी सोनेरी केसांचा टोप आणि मुकुट घातलेली क्रिस्टकिंड चर्चच्या सज्जातून बाजार खुला झाल्याचं जाहीर करते. ही दर दोन वर्षांनी निवडली जाणारी सोळा ते एकोणीस वर्षांची शहरातलीच मुलगी. तिचं काम सज्जापुरतं नसतं. महिनाभर ती शाळा, रुग्णालयं, वृद्धाश्रम अशा कितीतरी ठिकाणी जाते आणि लहान मुलांसाठीच्या वेगळ्या बाजारात त्यांना भेटते. २०१९ साली निवडून आलेल्या मुलीचे वडील दिल्लीत जन्मलेले होते. तिच्या निवडीवर एका राजकीय पक्षाच्या स्थानिक शाखेने वंशद्वेषी शेरा मारला. शहर तिच्या पाठीशी उभं राहिलं आणि ती आपली मुदत पूर्ण करून गेली. मुलांच्या बाजारात जुना फिरता पाळणा आहे, छोटी वाफेची गाडी आहे, आणि मुलांना स्वतः मेणबत्त्या करता येतात, बिस्किटं भाजता येतात. सुकवलेल्या आलुबुखाऱ्यांच्या बाहुल्या ही इथली खासियत, भेट म्हणून आणायला सुरेख. बाजार २४ डिसेंबरला बंद होतो. नाताळच्या सुट्टीत निघून २५ तारखेला पोचणाऱ्यांना रिकामा चौक दिसतो, ही चूक अनेकांकडून होते.

मराठी घरात प्रवासाची तारीख शाळाच ठरवते. दहावी-बारावीचं मूल घरात असेल तर फेब्रुवारीचा विचारच करू नये. पहिली ते सातवीतल्या मुलाची आठवडाभराची शाळा बुडाली तर काही बिघडत नाही, वर्गशिक्षिकेला आधी सांगून ठेवलं म्हणजे झालं. कपड्यांच्या बाबतीत एक जाडजूड कोट घेण्यापेक्षा तीन थर बरे: अंगालगत घाम अंगापासून दूर नेणारी बंडी, मधे लोकर, वर वारा अडवणारं जाकीट. बोटांच्या हातमोज्यांपेक्षा पिशवीसारखे, चारही बोटं एकत्र राहणारे हातमोजे लहान मुलांना अधिक ऊब देतात. पाय ओले झाले की दिवस संपला असं समजावं, म्हणून मोज्यांचा जादा जोड पाठपिशवीत हवाच. जपानमध्ये कोपऱ्यावरच्या दुकानात खिशात ठेवायच्या गरम पिशव्या आणि बुटाला लावायच्या काटेरी पट्ट्या मिळतात, त्या इथून नेण्याची गरज नाही. कडाक्याच्या थंडीत फोनची बॅटरी बघता बघता उतरते. फोन आतल्या खिशात, अंगाशी ठेवावा.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती गंभीर आहे. कॅनडातल्या ऑटावाचा रिडो कालवा गोठला की त्यावर ७.८ किलोमीटर लांबीचं स्केटिंगचं मैदान तयार होतं. २०२२-२३च्या हिवाळ्यात बर्फ पुरेसा जाड झालाच नाही आणि पन्नासहून अधिक वर्षांत पहिल्यांदा ते उघडलं नाही. २०२०मध्ये सप्पोरोला पुतळ्यांसाठी दूरच्या निसेकोहून ट्रकांनी बर्फ आणावा लागला. बर्फाच्या आधारावर उभे असलेले हे सगळे उत्सव तापत्या हवेमुळे डळमळू लागले आहेत. ज्यांना मुलांना हे दाखवायचं आहे त्यांनी पुढच्या दहा वर्षांवर टाकू नये.

पासपोर्ट नाही किंवा एवढा खर्च झेपत नाही, अशा कुटुंबांसाठी आपल्याच देशात हॉर्नबिल उत्सव आहे. नागालँड राज्याचा स्थापना दिन १ डिसेंबरला असतो. त्या दिवसापासून दहा दिवस, कोहिमापासून बारा किलोमीटरवरच्या किसामा या वारसा गावात, २०००पासून हा उत्सव भरतो. तो सरकारने सुरू केलेला आहे, आणि मैदानातली नृत्यं वेळापत्रकाने होतात, हे खरं. पण मैदानाच्या भोवताली प्रत्येक नागा जमातीचं आपलं मोरुंग आहे. मोरुंग म्हणजे गावातल्या तरुणांचं जुनं सामुदायिक घर. तिथे चुलीभोवती बसलेली माणसं आपणहून बोलतात, भाला कसा धरायचा ते मुलाला दाखवतात, ढोलावर हात मारू देतात. मैदानापेक्षा जास्त वेळ इथे घालवावा. खाणं मुख्यतः धुरावलेल्या डुकराच्या मांसाचं आणि आंबवलेल्या सोयाबीनचं, तिखट मिरची लावलेलं. शाकाहाऱ्यांना भात, उकडलेल्या भाज्या आणि चिकट तांदळाचे पदार्थ मिळतात. रात्री थंडी कडक पडते, स्वेटर-कानटोपी हवीच.

कोहिमातल्या युद्धस्मशानभूमीला मुलांना घेऊन जावंच. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली इथे जपान्यांशी झालेल्या लढाईत मेलेल्या सैनिकांच्या थडग्यांशेजारी ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहनस्मारक आहे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये शेजारच्या मणिपुरात सांगशाकला मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण जपान्यांशी लढली होती. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शाळेत सहसा कुणी सांगत नाही.

नागालँडला जाणाऱ्या प्रत्येकाला, महाराष्ट्रातल्या माणसालाही, इनर लाइन परमिट लागतं. ते घरबसल्या ऑनलाइन काढता येतं. विमान किंवा आगगाडी दिमापूरपर्यंत, पुढे मोटारीने डोंगराचा रस्ता. कोहिमा लहान शहर आहे, राहायच्या खोल्या लवकर भरतात. तेव्हा या डिसेंबरात जायचं असेल, तर खोलीसाठी या आठवड्यातच फोन करा.